पत्त्याचा फेरफार

मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी पुढे त्याच्या पुत्राच्या अमदानीत फतेहनगर झाली, १६५३ साली दख्खनच्या सुभेदारीवर पुन्हा आलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, आणि १९८८ पासून सभांतून, पुढे शासकीय कागदांतून आणि त्यानंतर न्यायालयांतून फिरत राहिलेला नामांतराचा प्रश्न २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र शासनाची संमती येऊन शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर होण्यापर्यंत पोहोचला. परंतु नामांतराचा हुकूम निघणे आणि नाव प्रत्यक्षात बदलणे या दोन घटनांमध्ये किती अंतर असते, याचा अनुभव या शहराच्या रहिवाशांनी पुरेपूर घेतला आहे. जिल्हा व तालुका यांच्या नावांचे राजपत्र त्या वर्षीच्या सप्टेंबरात निघाले. रेल्वे स्थानकावर नवे नाव येण्यास आणि ‘एडब्ल्यूबी’ या संकेताक्षरांच्या जागी ‘सीपीएसएन’ बसण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात, २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक मतदारसंघाच्या जुन्याच नावाने पार पडली, कारण मतदारसंघांची नावे परिसीमनाच्या आदेशाने बांधलेली असतात. उलटपक्षी ४३१००१ हा पिनकोड, ०२४० हा दूरध्वनीचा संकेतांक, वाहनांवरील ‘एमएच २०’ आणि विमानतळाची ‘आयएक्सयू’ ही अक्षरे या साऱ्या घडामोडीत जागची हलली नाहीत. त्यांचा आधार मुळी नाव हा नव्हताच.

नेटस्केप कंपनीत काम केलेले अभियंते फिल कार्लटन यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते: संगणकशास्त्रात खऱ्या अर्थाने अवघड अशा गोष्टी दोनच, एक साठवलेली नक्कल केव्हा रद्द करावयाची हे ठरविणे आणि दुसरी नावे ठेवणे. ज्या शहराने एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षांचा संघर्ष पाहिला आणि नंतर स्वतःच्या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला पाहिला, त्याला यांतील दुसऱ्या अडचणीविषयी कोणी नव्याने सांगावयास नको. पहिलीविषयी मात्र सामान्य वाचकाला फारसे सांगितले जात नाही, आणि संकेतस्थळ उघडेनासे झाले की ‘साइट डाऊन आहे’ एवढ्या एका वाक्यात सर्व कारणांची बोळवण केली जाते.

वास्तविक या एका वाक्यामागे निदान तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सर्व्हर भलतेच पान दाखवितो किंवा काहीतरी आकडा दाखवून थांबतो. ब्राउझर लाल अक्षरांत इशारा देऊन पुढे जाण्यास मज्जाव करतो. अथवा पान उघडते खरे, पण काल बदललेला मजकूर आजही जुनाच दिसतो. पहिलीला मांडणीचा दोष म्हणतात, दुसरीला सुरक्षा-प्रमाणपत्राचा आणि तिसरीला कॅशेचा; तिघींचे वैद्यही बहुधा वेगळे मानले जातात. माझे मत थोडे निराळे आहे. यांतल्या बहुसंख्य प्रसंगी यंत्र मोडलेले नसते आणि कोणी हल्लाही केलेला नसतो. एकाच नावाविषयी दोन दप्तरांत दोन नोंदी राहिलेल्या असतात, आणि ज्या यंत्राच्या हाती जी नोंद लागली ती त्याने इमानाने खरी मानलेली असते. बिघाड शोधणे म्हणजे कोणते यंत्र कोणत्या नोंदीवर विसंबले आहे याचा माग काढणे, हे एकदा ध्यानात आले की पुष्कळसा गोंधळ निवळतो.

उदाहरणादाखल असे समजू की, हिमरू शाली विकणाऱ्या येथील एका जुन्या पेढीच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात शहराचे पूर्वीचे नाव होते, आणि आता मालकांनी नव्या नावाचा पत्ता घेण्याचे ठरविले आहे. पेढी कल्पित आहे, पण तिच्यापुढे ज्या अडचणी उभ्या राहतील त्यांत कल्पित असे काही नाही.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. तो पिनकोडाच्या किंवा ‘आयएक्सयू’च्या जातीचा, म्हणजे नावाशी देणेघेणे नसलेला. माणसांना मात्र नावे लागतात, म्हणून नाव आणि आकडा यांची सांगड घालणारी एक जगभर विखुरलेली नोंदवही ठेवावी लागते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी जिची रचना केली त्या नोंदवहीस डीएनएस म्हणतात. पेढीने नवे नाव नोंदविले, त्याच्यापुढे आपल्या सर्व्हरचा आकडा लिहिला, की पहिले काम झाले. परंतु त्या आकड्यावर जे यंत्र आहे त्यावर बहुधा एकट्या पेढीचे संकेतस्थळ नसते. शेकडो संकेतस्थळे एकाच यंत्रावर नांदत असतात, आणि आलेल्या मागणीत कोणते नाव लिहिले आहे ते वाचून सर्व्हर कोणाचे पान द्यावयाचे ते ठरवितो. हा सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम असतो. १९९५ पासून प्रचारात असलेला अपाची आणि इगोर सिसोएव या रशियन अभियंत्याने २००४ साली खुला केलेला एनजिनएक्स हे त्यांतले दोन विख्यात. दोघांच्याही मांडणीच्या फाइलीत, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये, नावांची यादी असते. गंमत अशी की मागितलेले नाव यादीत नसेल तर सर्व्हर ‘असे कोणी येथे राहत नाही’ असे सांगत नाही. यादीतले पहिले, किंवा मूलभूत म्हणून ठरविलेले, जे संकेतस्थळ असेल ते तो निर्विकारपणे पुढे करतो. म्हणून नव्या पत्त्यावर हिमरूऐवजी एखाद्या परक्या कारखान्याचे पान उघडले, तर कोणी घुसखोरी केली असा तर्क करण्यापूर्वी यादीत नवे नाव लिहिले गेले आहे की नाही ते पाहणे श्रेयस्कर.

आणि लिहिले असले तरी भागत नाही. चालू असलेला सर्व्हर फाइलीकडे पुनःपुन्हा पाहत नाही; सुरू होताना त्याने जे वाचले तेच तो चालवितो. फाइलीत फेरफार झाला, पण सर्व्हरला तो पुन्हा वाचण्यास सांगितले नाही, तर कागदावर एक आणि अंमलात दुसरे अशी अवस्था होते, आणि ती आठवडेच्या आठवडे टिकून एखाद्या रात्री वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू होताच, कोणी काहीही केलेले नसताना, अचानक बदलते. जाणती माणसे यासाठी फेरफारानंतर आधी मजकुराची तपासणी करवितात (एनजिनएक्समध्ये ती ‘एनजिनएक्स -टी’ या आज्ञेने होते) आणि मगच फाइल पुन्हा वाचावयास लावतात.

आकड्यांच्या संदेशांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. चारशेच्या घरातले आकडे मागणीत दोष असल्याचे सांगतात: ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर असे पान नाही, ४०३ म्हणजे पान आहे पण दाखविण्याची परवानगी नाही. पाचशेच्या घरातले आकडे सर्व्हरकडील दोषाचे: ५०० म्हणजे आतील प्रोग्रॅम कोलमडला, ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून धड उत्तर आले नाही, ५०४ म्हणजे उत्तराची वाट पाहून तो थकला. याहून अधिक माहिती पडद्यावर शोधण्यात अर्थ नसतो, कारण ती तेथे जाणूनबुजून दिलेली नसते. ती सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, वेळेसह लिहिलेली असते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कित्येकांनी ही रोजकीर्द कधी उघडलेलीच नसते, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

आता प्रमाणपत्राकडे वळू. येथे मात्र थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नेटस्केपने १९९५ च्या सुमारास ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण गुप्त राखण्याची जी पद्धत प्रचारात आणली, तिच्यापुढे आरंभापासून एक पेच होता: संभाषण गुप्त असून उपयोग काय, जर समोरचा कोण आहे हेच ठाऊक नसेल? भामट्याशी केलेले खलबतही गुप्तच असते. तेव्हा सर्व्हरने आपली ओळख पटविणारा एखादा दस्तऐवज दाखवावा आणि तो दस्तऐवज ब्राउझरला ओळखीच्या कोणा त्रयस्थाने दिलेला असावा, असा प्रघात पडला. जुन्या काळी वतनाची सनद घेऊन आलेल्या माणसाला महालाचा अंमलदार ओळखत नसे, पण सनदेवरील शिक्का तो ओळखीत असे, आणि सनद देणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का त्याच्या परिचयाचा नसेल तर त्या अधिकाऱ्याला अधिकार देणाऱ्या दरबाराचा शिक्का तो पाहू मागे. प्रमाणपत्राची व्यवस्था हुबेहूब अशी आहे. ब्राउझरजवळ किंवा फोनजवळ मूळ प्रमाणन-संस्थांची एक यादी असते. या मूळ संस्था स्वतः प्रत्येकाला प्रमाणपत्रे देत बसत नाहीत, त्या मधल्या संस्थांना मुखत्यार नेमतात, आणि मधल्या संस्था पेढीसारख्यांना प्रमाणपत्र देतात.

यातूनच एक विलक्षण फसवा बिघाड उद्भवतो. सर्व्हरने आपल्या प्रमाणपत्राबरोबर मधल्या संस्थेचे मुखत्यारपत्रही दाखवावे अशी अपेक्षा असते. मांडणी करणाऱ्याने ते जोडले नाही तर साखळी तुटते. पण ती सर्वांकरिता तुटत नाही. संगणकावरील कित्येक ब्राउझर हे हरवलेले मुखत्यारपत्र स्वतः शोधून आणतात, किंवा पूर्वी दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पाहिलेले जपून ठेवलेले असते ते वापरतात. मोबाइलमधील एखादे ॲप किंवा बँकेची यंत्रणा असा शोध घेत नाही आणि सरळ नकार देते. मग पेढीचा मालक म्हणतो, ‘गिऱ्हाइकांना उघडत नाही’. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, ‘माझ्याकडे तर उघडतंय’. आणि दोघेही खरे बोलत असल्यामुळे भांडण मिटत नाही.

प्रमाणपत्रात नाव लिहिलेले असते, आणि ते अक्षर न् अक्षर जुळावे लागते. येथे नव्या नावाने एक अडचण खास आणली आहे. ‘छत्रपतीसंभाजीनगर’ हे रोमन लिपीत प्रचलित पद्धतीने सलग लिहिले तर चोवीस अक्षरे होतात. पत्त्याच्या एका खंडाला त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा आहे, तेव्हा लांबीची फिकीर नाही. फिकीर आहे ती वर्णलेखनाची. आरंभीचा ‘छ’ कोणी ‘सी-एच’ असा लिहितो, कोणी त्यास आणखी एक ‘एच’ जोडतो. ‘संभाजी’तील अनुस्वार कोणाला ‘एम’ वाटतो, कोणाला ‘एन’. माणूस हे सारे एकच समजतो, प्रमाणपत्र समजत नाही. आरंभी तीनदा ‘डब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता हेदेखील त्याच्या लेखी दोन भिन्न पत्ते आहेत, आणि दोन्ही यादीत नसतील तर एकावर इशारा येणारच. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन मराठीसह अनेक भाषांना उपलब्ध आहे. त्यात रोमन वर्णलेखनाचा घोळ उरत नाही, पण आतल्या व्यवहारात यंत्रे ते नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात पालटून घेतात आणि प्रमाणपत्रातही तेच रूप जाते, त्यामुळे ते तपासणाऱ्याला नाव डोळ्यांनी वाचून ओळखता येत नाही. ज्याच्या नावासाठी सोळा वर्षांचा संघर्ष झाला त्या विद्यापीठाचे मात्र बरे झाले. नामविस्तार १९९४ च्या जानेवारीत झाला आणि संकेतस्थळांचा जमाना त्यानंतरचा, म्हणून विस्तारित नावाच्या आद्याक्षरांचा ‘बामू’ हा आटोपशीर पत्ता त्याला आरंभीच लाभला.

नावाइतकीच महत्त्वाची मुदत. मुदत संपलेले प्रमाणपत्र हे इशाऱ्याचे अत्यंत सामान्य कारण होय, आणि त्याचा एक विनोदी भाऊबंद असा की, प्रमाणपत्र ताजे असते पण पाहणाऱ्याच्याच संगणकाचे घड्याळ चुकलेले असते. जुन्या संगणकाच्या आतील लहान बॅटरी संपली की तो सुरू होताच कित्येक वर्षे मागे जातो, आणि त्याच्या दृष्टीने जगातील यच्चयावत प्रमाणपत्रे अद्याप जन्मालाच आलेली नसतात. सर्वच संकेतस्थळे एकाएकी नाकारली जाऊ लागली तर आधी तारीख पाहावी, हा सल्ला क्षुल्लक वाटला तरी तो अनेक शाळांच्या संगणक-कक्षांत उपयोगी पडण्यासारखा आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तर मुदत संपली ती एका मूळ प्रमाणपत्राचीच. २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देऊ लागलेल्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने आरंभी ज्या जुन्या संस्थेच्या शिक्क्याचा आधार घेतला होता, त्या शिक्क्याची मुदत त्या दिवशी सरली, आणि ज्या जुन्या यंत्रांना नवा शिक्का ठाऊक नव्हता त्यांच्या दृष्टीने असंख्य निर्दोष संकेतस्थळे एका दिवसात संशयास्पद ठरली. संकेतस्थळांच्या बाजूस काहीही चुकले नव्हते. जुनी झाली होती ती ओळखणाऱ्यांची यादी.

त्रयस्थावरील विश्वासाचे मोल किती, हे आपल्या देशाने २०१४ साली पाहिले. माहिती-तंत्रज्ञान अधिनियम २००० अन्वये भारतात प्रमाणन-संस्थांवर एक नियंत्रक असतो, आणि त्याच्या अधिकाराखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रे देत असे. त्या वर्षीच्या २ जुलै रोजी गुगलच्या अभियंत्यांना आपल्याच पत्त्यांची, पण आपण न मागितलेली, प्रमाणपत्रे एनआयसीच्या शिक्क्यानिशी आढळली. भारतीय नियंत्रकाचा मूळ शिक्का मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरील बहुतेक ब्राउझर ती खरी मानणार होते. स्वतःची वेगळी यादी बाळगणारा फायरफॉक्स तेवढा सुरक्षित होता. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने एनआयसीची मुखत्यारपत्रे रद्द केली. प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता असे निष्पन्न झाले. पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकाचा शिक्का ‘जीओव्ही डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा मोजक्या सात पत्त्यांपुरताच ग्राह्य धरण्याचे ठरविले. एका दफ्तरातील चुकीने साऱ्या देशाच्या शिक्क्याची हद्द आखली गेली, आणि ती आखली कोण्या सरकारने नव्हे तर एका ब्राउझरच्या कर्त्यांनी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथेच एक सावधगिरी सांगून टाकतो. प्रमाणपत्र खरे असणे म्हणजे दुकानदार प्रामाणिक असणे नव्हे. पत्त्यात जे नाव दिसते त्याच नावाशी आपण बोलत आहोत एवढीच ग्वाही ते देते. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून पत्ता घेणाऱ्या भामट्यालाही त्या पत्त्याचे अस्सल प्रमाणपत्र मिळते. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाला लोक सचोटीचे चिन्ह समजू लागले, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकले.

राहता राहिला कॅशे. जे पान एकदा आणले ते लगेच टाकून न देता जवळ ठेवावे आणि पुन्हा मागणी आली की तेच द्यावे, एवढीच ही कल्पना. तिच्यावाचून आजचे इंटरनेट चालणार नाही. उदाहरणार्थ, राज्य शिक्षण मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी एक या शहरात आहे. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी राज्यभरातील पंधरा लाखांवर विद्यार्थी आणि त्यांचे आप्त एकाच घटकेला काही मोजक्या पत्त्यांवर धाव घेतात, आणि प्रत्येकाला प्रत्येक चित्र, प्रत्येक मथळा मूळ सर्व्हरनेच द्यावयाचा म्हटले तर ‘५०३’ या आकड्याखेरीज कोणाच्या हाती काही लागणार नाही. म्हणून नकला ठेवल्या जातात: पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, वाटेवरील मध्यस्थ सर्व्हरांवर, मूळ सर्व्हरच्या पुढ्यात आणि त्याच्या आतही. प्रत्येक थरातील नकलेला आपापली मुदत असते, आणि मूळ पान बदलले ही वार्ता या थरांना आपोआप कळत नाही.

मुदत ठरविण्याचा अधिकार पान देणाऱ्याला असतो. हे पान इतके सेकंद ठेवावे, हे मुळीच ठेवू नये, अशा सूचना पानाबरोबरच जातात. मात्र त्यांची नावे ठेवणाऱ्यांनी कार्लटनचे म्हणणे सिद्धच केले असे वाटते, कारण ‘नो-कॅशे’ या सूचनेचा अर्थ ‘ठेवू नका’ असा नसून ‘ठेवा, पण देण्यापूर्वी दर वेळी विचारा’ असा आहे, आणि खरोखर ठेवू नये असे वाटत असेल तर ‘नो-स्टोअर’ म्हणावे लागते. कॅशेच्या मांडणीतील चुकीने होणारे नुकसान नेहमीच किरकोळ नसते. २०१५ च्या नाताळच्या दिवशी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर हल्ल्यामुळे रहदारी वाढली असता घाईघाईने केलेल्या कॅशेच्या चुकीच्या मांडणीमुळे एकाचे खाजगी पान दुसऱ्याला दिसू लागले. सुमारे चौतीस हजार लोकांची माहिती अशी परक्यांच्या नजरेस पडली असावी असे कंपनीनेच नंतर सांगितले. जुना मजकूर दिसणे हा कॅशेचा उपद्रव, आणि दुसऱ्याचा मजकूर दिसणे हा त्याचा अपराध.

आपल्या पेढीपुरते पाहिले तर दोन नकला विशेष चिवट ठरतील. पहिली डीएनएसची. प्रत्येक नोंदीबरोबर ती किती सेकंद जवळ ठेवावी हे लिहिलेले असते, आणि तो आकडा पुष्कळदा ८६,४०० असतो, म्हणजे पुरा एक दिवस. पेढीने आज सर्व्हर बदलला तरी काल नोंद वाचलेले लोक दिवसभर जुन्याच यंत्राकडे जात राहतात. शहाणा माणूस स्थलांतराच्या दोनएक दिवस आधीच ही मुदत तीनशे सेकंदांवर आणून ठेवतो. आयत्या वेळी ती कमी करून काही साधत नाही, कारण जुनी नोंद घेऊन बसलेल्यांना नवी मुदत वाचण्याचे कारणच पडत नाही. दुसरी नक्कल ‘३०१’ या आकड्याची. ‘हे पान कायमचे दुसरीकडे गेले’ असा त्याचा अर्थ, आणि ब्राउझर ‘कायमचे’ हा शब्द गांभीर्याने घेतो: पुढच्या खेपेस तो जुन्या पत्त्यावर विचारावयासही जात नाही. प्रयोग म्हणून, किंवा अक्षर चुकून, भलत्याच पत्त्याकडे ३०१ लावला गेला, तर सर्व्हरवर तो लगेच सुधारला तरी ज्यांनी तेवढ्यात भेट दिली त्यांचे ब्राउझर चुकीच्याच वाटेने जात राहतात. म्हणून आरंभी ‘३०२’, म्हणजे तात्पुरते स्थलांतर, लावावे. सर्व काही सुरळीत आहे अशी खात्री पटल्यावर कायमचे करावे. पुढचा मध्यस्थ मागच्या सर्व्हरकडे असुरक्षित वाटेने जातो, मागचा त्याला सुरक्षित वाटेकडे परत पाठवितो, मध्यस्थ पुन्हा त्याच वाटेने येतो, आणि ‘फार वेळा पुनर्निर्देशन झाले’ अशी तक्रार करून ब्राउझर हात टेकतो, हा प्रकारही याच घराण्यातला.

या सर्वांचे निदान करण्यास महागडी साधने लागतात असे नाही. लागतो तो क्रम. घरच्या वाय-फायवर जे दिसते ते मोबाइलच्या डेटावर दिसते का, हे पाहिले की डीएनएसची नोंद कोणाकडे जुनी राहिली आहे याचा अंदाज येतो. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान नवे दिसले तर दोष आपल्याच नकलेचा. कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही कळत्रयी दाबून पान मुळातून मागविता येते. तेवढ्याने भागले नाही तर नक्कल वाटेत कोठेतरी आहे असे समजावे. इशारा आला असेल तर त्यातील बारीक अक्षरे वाचावीत: नाव जुळत नाही, मुदत संपली, देणारा अनोळखी आहे, या तीन तक्रारींचे तीन वेगळे उपाय आहेत, आणि ‘तरीही पुढे जा’ हे बटण त्यांपैकी कशाचाच उपाय नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून संकेतस्थळ सुरू झाले, तर ते का सुरू झाले हे कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा तिन्ही बदलाव्या लागतात.

प्रमाणपत्रांच्या मुदतीविषयी पेढीच्या मालकांनी आणखी एका बदलाची नोंद घ्यावयास हवी. २०२० च्या सप्टेंबरपासून प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून अधिक काळाचे मिळेनासे झाले. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणन-संस्था आणि ब्राउझर-कर्ते यांच्या संयुक्त मंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, पुढील वर्षीच्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस अशी उतरत जावयाची आहे. दिनदर्शिकेवर खूण करून वर्षातून एकदा नूतनीकरण करण्याची रीत त्या हिशेबात बसत नाही. ते काम सर्व्हरवरच सोपवावे लागेल, आणि सर्व्हरने नवे प्रमाणपत्र आणल्यावर ते पुन्हा वाचले की नाही, हेही कोणीतरी पाहावे लागेल.

आणि जुन्या नावाचे काय? नवा पत्ता रुळला की जुन्याचे वार्षिक शुल्क कशाला भरावे, असे मालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण जुन्या छापील पावत्यांवर, पिशव्यांवर, परगावच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तोच पत्ता असतो, आणि सोडलेले नाव दुसरा कोणीही विकत घेऊन त्यावर आपले दुकान थाटू शकतो. शिवाय सुरक्षित वाटेने आलेल्या पाहुण्याला जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवावयाचे, तर पाठविण्याच्या आधी सर्व्हरला जुन्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसेल तर पुनर्निर्देशनाचा निरोप पोहोचण्यापूर्वीच ब्राउझर इशारा देऊन दार लावतो. तेव्हा पेढीने नव्या प्रमाणपत्रात दोन्ही नावे लिहवून घ्यावीत आणि जुन्या पत्त्याचे नूतनीकरण निदान काही वर्षे तरी चुकवू नये.